आडोसा आणि आकाश

उज्जयिनीच्या रामघाटावर पहाटे स्नानाला येणाऱ्या प्रत्येकाला एक अलिखित नियम ठाऊक असतो. पाण्यात उतरलेल्या माणसाकडे, विशेषतः स्त्रियांकडे, टक लावून पाहायचे नसते. घाट सार्वजनिक आहे. तेथे पंडे बसतात, यात्रेकरू येतात, समोरच्या काठावर दत्त आखाडा दिसतो. आडोसा म्हणावा तर सोबतिणीने दोन्ही हातांनी धरलेले एखादे लुगडे, एवढाच. तरीही पिढ्यानुपिढ्या आयाबहिणी येथे निःसंकोच स्नान करीत आल्या, कारण त्या लुगड्यामागे समाजाच्या नजरेची मर्यादा उभी होती. घाटावरून वर चढणाऱ्या गल्ल्यांतील जुन्या घरांनाही हीच मर्यादा राखत आली. घरे एकमेकांना खेटून, गच्च्या एकमेकींना लागून. पण शेजारच्या चौकात डोकावणे हे असभ्यपणाचे लक्षण मानले जाई.

गेल्या दहा-बारा वर्षांत या मर्यादेबाहेरचा एक डोळा घाटावर आला आहे. २०१६ च्या सिंहस्थात, म्हणजे २२ एप्रिल ते २१ मे या काळात, गर्दीवर लक्ष ठेवण्यासाठी पोलिसांनी कॅमेरे लावलेले ड्रोन वापरले. आता ते केवळ पोलिसांपुरते राहिलेले नाहीत. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी क्षिप्रापूजनासाठी रामघाटावर येते तेव्हा, लग्नाची वरात निघते तेव्हा, किंवा एखाद्या हौशी तरुणाला घाटाचे विहंगम चित्रण हवे असते तेव्हा, ते चार पंखांचे यंत्र घरघरत वर जाते आणि वाटेतल्या सर्व गच्च्या, न्हाणीघरे आणि चौक पाहून खाली येते. घरातली माणसे वर पाहतात, क्षणभर बावरतात आणि पुन्हा कामाला लागतात. तक्रार करावी तर कोणाकडे, आणि ती कोणत्या हक्काच्या आधारे, हे कोणालाच नीटसे माहीत नसते.

प्रस्तुत लेखात या हक्काचा इतिहास थोडक्यात पाहण्याचा विचार आहे. घरावरचे आकाश कोणाचे, आणि तेथून खाली पाहण्याचा अधिकार कोणाला, हे दोन प्रश्न वरवर नवे वाटतात. त्यांची मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायात घरबांधणीचे नियम आले आहेत. मुंबईचे प्राध्यापक र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे वाचकांना ज्ञात असेलच. या अध्यायात दोन शेजाऱ्यांच्या वळचणींमध्ये चार अंगुळे अंतर असावे, किंवा त्या एकमेकींवर आलेल्या असाव्यात, असे सांगितले आहे. उजेडासाठी खिडकी ठेवावी, पण ती लहान आणि उंचावर असावी. समोरच्या घराला बाधा होईल असे दार किंवा खिडकी काढणाऱ्याला दंड आहे. राजमार्ग आणि रस्ता यांच्याकडे उघडणाऱ्या दारा-खिडक्या तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. याच अध्यायात घरमालकांनी आपसात मिळून हवी तशी रचना करावी आणि अनिष्ट ते टाळावे, अशीही मुभा दिलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या तरतुदींत एक भेद स्पष्टपणे केलेला दिसतो. रस्त्यावरचा माणूस पाहिला जाणारच, हे गृहीत आहे. घरातला माणूस पाहिला जाऊ नये, हेही गृहीत आहे.

माळव्यातील वाडे याच समजुतीवर उभे राहिले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे नेले. त्यापूर्वी उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्याच काळात दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आणि त्यांनी आपल्या सवयीचे घर येथे बांधले. बाहेरून पाहावे तर उंच भिंत, लहान दार, मोजक्या खिडक्या. आत शिरावे तर मोकळा चौक, तुळशीवृंदावन आणि वर आकाश. धुणी, वाळवणे, बाळंतिणीचे शेक, म्हाताऱ्यांचे ऊन खाणे, सारे त्या चौकात. चारही बाजूंनी बंद असलेले हे घर वरून मात्र पूर्ण उघडे होते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. वर होते ते पक्षी, ग्रहतारे आणि देव. त्यांच्यापासून लपवण्यासारखे काही नव्हते. आपला खासगीपणा आडव्या दिशेने राखलेला होता. उभ्या दिशेने तो राखण्याची गरजच कधी पडली नाही.

गच्चीचे म्हणाल तर तिथेही एक रीत होती. आमच्या लहानपणी वडीलधारी पुरुष मंडळी गच्चीवर चढताना जिन्यातच मोठ्याने खाकरत असत. शेजारच्या गच्चीवर केस वाळवत बसलेल्या बायकांना ती सूचना असे. त्या पदर सावरीत, किंवा आत जात. संक्रांतीला पतंग उडवणारी मुलेसुद्धा दुसऱ्याच्या गच्चीवर पडलेला पतंग आणायला जाताना आधी हाक देत. वर जाण्यास कोणाची मनाई नव्हती. न सांगता जाण्यास होती.

इंग्रजी अमलात या रीतीला कायद्याचे रूप मिळाले. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची तरतूद आहे. तेथे दिलेल्या एका उदाहरणाचा आशय असा: एखाद्या नगरात अशी रूढी आहे की कोणीही नवी खिडकी काढून शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करू नये. तेथे घर बांधणाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध असा हक्क मिळतो की, आपल्या घराचा जो भाग एरवी इतरांच्या दृष्टीस पडत नाही, तो दिसेल अशी खिडकी शेजाऱ्याने उघडू नये. आणि शेजाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध तसाच हक्क मिळतो. हा कायदा आरंभी मद्रास इलाखा, मध्य प्रांत आणि कूर्ग येथे लागू होता. मुंबई इलाखा आणि वायव्य प्रांत येथे तो १८९१ मध्ये आला. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात असल्याने ब्रिटिश मुलखाचे कायदे येथे आपोआप लागू होत नव्हते. पण रूढी सरहद्द पाहत नाही.

कायदा वायव्य प्रांतात पोहोचण्यापूर्वीच, १८८८ साली, अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे ‘गोकल प्रसाद विरुद्ध राधो’ हा दावा आला होता. मुख्य न्यायमूर्ती एज आणि न्यायमूर्ती महमूद यांनी तो ऐकला. तक्रारी दोन होत्या. शेजारी बांधलेल्या नव्या घराची वळचण वादीच्या जागेवर आली आहे, ही पहिली. आणि नव्या घराच्या ओसरीतून व दारांतून वादीच्या घरातील स्त्रियांच्या वावराचा भाग दिसतो, ही दुसरी. न्यायालयाने खासगीपणाचा रूढीगत हक्क त्या प्रांतात अस्तित्वात असल्याचे मान्य केले. माझ्या मते या निवाड्याचे महत्त्व आज वाढले आहे. एकाच दाव्यात हवेतील अतिक्रमण आणि नजरेचे अतिक्रमण या दोन्ही गोष्टी आल्या होत्या आणि त्या वेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या गेल्या होत्या. वळचण हटवली तरी दार उरते. दार बुजवले तरी वळचण उरते. ड्रोनच्या बाबतीत नेमका हाच भेद आपण विसरतो.

पहिला प्रश्न हवेचा. जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाशही त्याचेच, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन युरोपातील विधिज्ञांमध्ये तेराव्या शतकापासून प्रचलित होते. आकाशात कोणी फिरत नव्हते तोवर त्याचा अर्थ झाडाच्या फांदीपुरता आणि छपराच्या पुढे आलेल्या भागापुरताच होता. १८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून जमिनीचे छायाचित्र घेतले आणि वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा इतिहास सुरू झाला. पुढे विमाने आली आणि ते वचन टिकेनासे झाले. अन्यथा प्रत्येक विमानाला वाटेतल्या प्रत्येक शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागली असती. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यातील कलम १७ ने तो वाद मिटवला. वारा, हवामान आणि एकंदर परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून विमान गेले, एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही, असे ते कलम म्हणत असे. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे.

‘वाजवी उंची’ म्हणजे किती, याचा विचार परदेशांतील न्यायालयांनीही केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील एका कुक्कुटपालकाच्या बाजूने निकाल दिला. लष्करी विमाने त्याच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फूट उंचीने उतरत आणि कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. आकाश सर्वांचे, पण जमिनीचा उपभोगच अशक्य होईल इतके खाली उतरू नये, असा त्या निकालाचा मथितार्थ. इंग्लंडमध्ये लॉर्ड बर्नस्टीन यांनी आपल्या घराचे विमानातून छायाचित्र घेणाऱ्या कंपनीवर दावा लावला. न्यायमूर्ती ग्रिफिथ्स यांनी तो १९७७ साली फेटाळला. जमिनीच्या आणि तिच्यावरील बांधकामाच्या सामान्य उपभोगासाठी लागेल तेवढ्याच उंचीपर्यंत मालकाचा हक्क पोहोचतो, असे त्यांनी ठरवले. मात्र एखाद्या घरावर वरून सतत पाळत ठेवून प्रत्येक हालचालीची छायाचित्रे घेतली, तर न्यायालय वेगळा विचार करील, असेही त्यांनी सूचित केले होते.

या साऱ्या निवाड्यांत वरचे यंत्र उंच होते, मोठे होते आणि क्षणात निघून जाणारे होते. ड्रोनची गोष्ट निराळी. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येते. म्हणजे विमानांच्या कायद्याने जो थर घरमालकासाठी जवळजवळ मोकळा ठेवला होता, पाण्याची टाकी, वाळवणाची दोरी आणि पतंग यांचा थर, नेमका तोच ड्रोनला खुला झाला. शिवाय तो तेथे थांबू शकतो. विमान थांबू शकत नव्हते.

दुसरा प्रश्न नजरेचा. येथे १८८२ च्या कायद्याचा आधार घ्यावा असे वाटते, पण तो हात आखडतो. सुविधाधिकार दोन मिळकतींमध्ये असतो. एका घराचा दुसऱ्या घरावर. ड्रोनला घर नाही. तो ज्या खिडकीतून पाहतो ती कोणत्याच भिंतीत नाही, मग बुजवायची कोणती? रूढी सिद्ध करायची तर वरून पाहण्याविषयी रूढीच नाही, कारण वरून कधी कोणी पाहिलेच नव्हते. आपल्या पूर्वजांनी चौकावर छत घातले नाही, याची ही किंमत आहे.

नवे कायदे पाहू. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अटींत, ड्रोन उडवणाऱ्याने कोणाच्याही खासगीपणाचा भंग होऊ देऊ नये, असे बजावले होते. २०२१ च्या नियमांत वजनाचे वर्ग आहेत, लाल-पिवळी-हरित क्षेत्रे आहेत, नोंदणी आहे. खासगीपणासाठी स्वतंत्र तरतूद नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, पण तो प्रामुख्याने शासनासमोर उभा राहणारा हक्क आहे. शेजाऱ्याच्या ड्रोनविरुद्ध तो कसा वापरावा, हे सामान्य माणसाला सांगणारे कोणी नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. स्त्रियांच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई तर घाटासाठीच लिहिल्यासारखे आहे, कारण ठिकाण सार्वजनिक असो वा खासगी, वस्त्रे बदलताना एकांताची रास्त अपेक्षा असेल तर तिचा भंग करणारे चित्रण त्यात गुन्हा ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रणे समाजमाध्यमांवर टाकल्याबद्दल उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले, हे सर्वश्रुत आहे. तरीही हे सारे फौजदारी उपाय अब्रू गेल्यानंतरचे आहेत.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. माझी नोकरीतील बरीच वर्षे महसुलाच्या कागदांत गेली. त्यामुळे ड्रोन हा केवळ घुसखोर आहे असे मला म्हणवत नाही. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून रयतवारीची पद्धतशीर मोजणी सुरू केली. ३३ फुटी साखळीने शेतांचा गुंठा न् गुंठा मोजला गेला. पण गावठाण वगळले गेले, कारण मोजणी महसुलासाठी होती आणि राहत्या घरांवर जमिनीचा सारा नव्हता. मध्य प्रदेशातील आबादीची कथा याहून वेगळी नाही. परिणाम असा झाला की शेताला खसरा, नकाशा, उतारा सर्व काही. आणि ज्या घरात पिढ्या जन्मल्या त्या घराचा कागदच नाही. त्यामुळे बँकेचे कर्ज मिळत नसे आणि भाऊबंदकीचे तंटे मिटत नसत.

ही त्रुटी ड्रोनने भरून काढली. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरी नावाचे गाव आहे. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांचे ते गाव. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पथदर्शी प्रयोग तेथे केला. त्यानंतर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी ७६३ गावांतील घरमालकांना पहिली मालमत्ता पत्रके देण्यात आली. त्यांत महाराष्ट्रातील १०० आणि मध्य प्रदेशातील ४४ गावे होती. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच कार्यक्रमात ५० हजारांहून अधिक गावांतील ६५ लाखांवर पत्रके वितरित झाली.

जो डोळा रामघाटावर आडोसा हिरावतो, तोच डोळा गावठाणात मालकी देतो, हे कसे? उत्तर योजनेच्या कार्यपद्धतीत आहे. उड्डाणापूर्वी गावाला सूचना मिळते, ग्रामसभेत माहिती दिली जाते. घरमालक स्वतः उभा राहून आपल्या हद्दीवर चुन्याची रेषा मारून घेतो. ड्रोन ठरल्या दिवशी येतो, ठरलेले काम करून जातो. नकाशा तयार झाल्यावर तो लोकांपुढे ठेवला जातो, हरकती मागवल्या जातात आणि मगच पत्रक निघते. पाहिला जाणारा माणूस या साऱ्यात केवळ छायाचित्रातील ठिपका राहत नाही. आपली सीमा तोच दाखवतो, आणि चूक दिसली तर तोच बोलतो. यंत्र तेच, कॅमेरा तोच. फरक पडतो तो सूचना, प्रयोजन आणि हरकतीचा हक्क यांमुळे.

सिंहस्थातील ड्रोनलाही माझा विरोध नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजला अधिकृत आकड्यानुसार ३० जणांचा बळी गेला. गर्दी कोठे तुंबते आहे हे वरून वेळीच दिसले तर माणसे वाचू शकतात, आणि जीव वाचवण्यापुढे क्षणभराचा संकोच गौण आहे. परंतु गर्दीची घनता पाहायला चेहरे लागत नाहीत, आणि स्नानाच्या पायऱ्यांवर स्थिर राहण्याचीही गरज नसते. गर्दीसाठी घेतलेले चित्रण पर्व संपल्यावर कोणाकडे राहते, किती दिवस राहते, हे विचारण्याचा अधिकार भाविकाला असला पाहिजे.

२०२८ चा सिंहस्थ समोर आहे. २०२१ च्याच नियमांनुसार राज्य शासन किंवा पोलीस एखाद्या मर्यादित क्षेत्रावर एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. पर्वस्नानाच्या दिवसांत घाटांच्या पट्ट्यासाठी हा अधिकार वापरावा, म्हणजे हौशी ड्रोन आपोआप दूर राहतील. शासकीय ड्रोनचे मार्ग, उंची आणि वेळा नगर निगमाने घाटावर व मोहल्ल्यांत फलक लावून आधी सांगाव्यात. चित्रण नष्ट करण्याची मुदत ठरवून जाहीर करावी. एरवीच्या दिवसांत लग्नाच्या किंवा चित्रीकरणाच्या ड्रोनसाठी आसपासच्या रहिवाशांना पूर्वसूचना देणे बंधनकारक करावे, आणि तक्रार घेणारा एक अधिकारी नेमावा. यांपैकी कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. घरमालकांनी मिळून रचना ठरवावी आणि अनिष्ट टाळावे, या कौटिल्याच्या सूचनेचाच तो विस्तार आहे.

उज्जयिनी हे आकाश पाहणाऱ्यांचे नगर. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा येथून मोजली गेली. सवाई जयसिंहाची वेधशाळा याच क्षिप्रेच्या काठी उभी आहे, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने तिचा जीर्णोद्धार करविला तेव्हा गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या विद्वानाने तिची धुरा वाहिली. या नगराला नव्या यंत्राचे वावडे असण्याचे कारण नाही. यंत्राने वर जावे, नकाशे काढावेत, गर्दीला वाट दाखवावी. परंतु चौकात वाळवण घालणाऱ्या आणि घाटावर ओलेत्याने उभ्या असलेल्या बाईला पदर सावरण्याइतका अवधी मिळाला पाहिजे. जिन्यातून खाकरत वर जाणाऱ्या मागच्या पिढीने तो अवधी कायद्याच्या धाकाशिवाय दिला होता. यंत्राला खाकरता येत नाही. म्हणून ते काम आता नियमांनी करावयाचे आहे.